मेहली मेहता आणि ऑर्केस्ट्रातील व्हायोलिनवादकाचे आयुष्य

मंद्रषड्ज

मेहली मेहता हे नाव आपल्याकडे बहुतेकांना ऑर्केस्ट्राचे संचालन करणारे कंडक्टर झुबिन मेहता यांचे वडील म्हणूनच ठाऊक असते, आणि त्यापलीकडे त्यांची चौकशी सहसा कोणी करत नाही. ऑर्केस्ट्रात बसणाऱ्या व्हायोलिनवादकाचे आयुष्य कसे असते हे समजून घ्यायचे असेल, तर माझ्या मते मुलापेक्षा वडिलांचे चरित्र अधिक उपयोगी आहे. मुलगा ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिला; वडिलांनी मात्र उमेदीची कितीतरी वर्षे ऑर्केस्ट्रात बसून काढली.

मेहलींचा जन्म 1908 मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. त्या काळच्या मुंबईत पाश्चात्त्य संगीताचे श्रोते होते, पियानो शिकवणारे होते, हॉटेलांत वाजवणारी पथके होती. पण व्हायोलिनवादकाला घडवणारी संगीतशाळा नव्हती आणि महिन्याच्या महिन्याला पगार देणारा सिंफनी ऑर्केस्ट्राही नव्हता. विख्यात व्हायोलिनवादक यशा हायफेट्झच्या ध्वनिमुद्रिका हाच त्यांच्यासमोरचा आदर्श होता. शहरात ऑर्केस्ट्रा नाही म्हणून त्यांनी 1935 मध्ये 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि 1940 मध्ये 'बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट' हे चार तंतुवादकांचे पथक काढले. हॉटेलांत आणि नृत्यगृहांत वाजवणारे गोवेकर, आरमाराच्या बँडमधील फुंकवाद्यांचे वादक, हौशी पारशी आणि हिटलरमुळे युरोप सोडावे लागलेले काही ज्यू संगीतकार, अशी मंडळी त्या काळात मुंबईत एकत्र वाजवत होती. 1934 मध्ये मुंबईत आलेले वॉल्टर कॉफमन त्यांपैकीच. आकाशवाणीची ओळखधून त्यांनी रचली आणि तिच्यातले व्हायोलिन मेहलींचे आहे असे सांगितले जाते. ते खरे असेल, तर महाराष्ट्रातल्या काही पिढ्यांनी रोज सकाळी ज्याचे वादन ऐकले, त्या वादकाचे नाव मात्र त्यांना माहीत नव्हते.

1945 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षाच्या सुमारास, दोन लहान मुले घरी ठेवून मेहली न्यूयॉर्कला गेले आणि इव्हान गॅलामियन यांच्याकडे शिकू लागले. पुढे इत्झाक पर्लमन आणि पिंकस झुकरमन यांना घडवणारे हेच ते गुरू. आपल्याच शहरातील ऑर्केस्ट्राचा संस्थापक असलेला, संसारी माणूस पुन्हा विद्यार्थी होतो, बो (गज) कसा धरावा इथपासून तपासून घेतो, ही गोष्ट मला त्यांच्या पुढच्या सगळ्या कीर्तीपेक्षा मोठी वाटते. काही वर्षांनी ते परतले, तेव्हा स्वातंत्र्यानंतर इंग्रज आणि युरोपीय वादक देश सोडून चालले होते.

1950 च्या दशकाच्या मध्यावर ते मँचेस्टरच्या 'हॅले ऑर्केस्ट्रा'त दाखल झाले. 1858 मध्ये स्थापन झालेला हा ऑर्केस्ट्रा तेव्हा जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली होता. मेहलींना तिथे साहाय्यक कॉन्सर्टमास्टरची (कॉन्सर्टमास्टर म्हणजे पहिल्या खुर्चीवरचा प्रमुख व्हायोलिनवादक) जागा मिळाली, म्हणजे मुंबईत पहिल्या खुर्चीवर बसणारा माणूस सत्तेचाळिशीच्या आसपास मँचेस्टरमध्ये तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. स्वरलेखनाची पाने ठेवायला दोन वादकांत एक स्टँड असतो. श्रोत्यांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा मध्येच वादन सोडून पान उलटतो. कोणता स्वर बो खाली ओढून वाजवायचा आणि कोणता वर नेऊन, हे कॉन्सर्टमास्टर ठरवतो. त्या खुणा पेन्सिलीने लिहून मागच्या प्रत्येक स्टँडपर्यंत पोहोचतात आणि मग सोळा बो एकाच दिशेने हलतात. त्यांपैकी एखाद्याला ती दिशा आपल्या हाताला अडचणीची आहे असे वाटत असले, तरी त्याने तशीच वाजवायची असते.

आपल्या कानांना हे स्वीकारणे जड जाते. सवाई गंधर्व महोत्सवात रात्ररात्र बसून आपण कलाकाराचा स्वभाव ऐकायला शिकलो आहोत. ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिनवादकाचा स्वभाव मात्र ऐकू येता कामा नये, आणि तो ऐकू न येऊ देण्यासाठी लागणारी तयारी एकल वादकाच्या तयारीहून कमी नसते. चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी 1893 ची. तिच्या अखेरच्या भागाच्या सुरुवातीला उतरत जाणारी एक व्याकूळ सुरावट ऐकू येते. ऑर्केस्ट्रातील व्हायोलिने 'पहिली' आणि 'दुसरी' अशा दोन गटांत विभागलेली असतात. पहिल्या व्हायोलिनांची पाने पाहिली तर ती तिथे नाही, आणि दुसऱ्या व्हायोलिनांच्या पानांवरही नाही. तिचा एक स्वर पहिल्यांकडे, पुढचा दुसऱ्यांकडे, असा आळीपाळीने वाटलेला आहे. सभागृहातील प्रत्येकाला जी सुरावट ऐकू येते, ती मंचावरचा एकही वादक वाजवत नसतो. घरी एकट्याने रियाज करताना त्या पानावर नुसत्या वेड्यावाकड्या उड्या दिसतात.

1959 मध्ये मेहली फिलाडेल्फियाच्या 'कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेट'मध्ये गेले. 1964 मध्ये लॉस एंजेलिसला येऊन त्यांनी 'अमेरिकन यूथ सिंफनी' स्थापन केली आणि नव्वदीपर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षे, ते तरुण वादकांना ऑर्केस्ट्रात बसायला शिकवत राहिले. 2002 मध्ये त्यांचे निधन झाले.

पुण्यात आज व्हायोलिनच्या ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा देणारी मुले पुष्कळ आहेत. आठवी, म्हणजे शेवटची ग्रेड झाल्यानंतर त्यांचे काय होते, हा मला पडलेला प्रश्न आहे. या क्षेत्राशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी लिहावे.

आलापिनी

लेख आवडला, पण आपल्याकडे एकल वादनाचेच संस्कार आहेत हे म्हणणे मला अर्धेच पटते. मी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकते. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी या वाद्याला मैफलीत स्वतंत्र जागा मिळवून दिली हे खरे. परंतु त्याच वेळी पुण्यात प्रभाकर जोगांसारखा वादक दुसऱ्याच्या गाण्यामागे उभे राहण्याची कला जोपासत होता. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सादर होत असताना त्यांचे व्हायोलिन बाबूजींच्या स्वराला जे देत होते, त्यातही स्वतःला मागे ठेवणेच होते. 'गाणारं व्हायोलिन' म्हणून ते पुढे आले ते त्यानंतर.

माझी शंका वेगळी आहे. आम्ही मांडी घालून बसतो, व्हायोलिनचे डोके पायावर टेकवतो आणि तारा सा-प-सा-प अशा लावतो. डावा हात मोकळा राहतो, त्यामुळे मींड निघते. सोळा जणांनी एकच स्वर वाजवायचा, तर प्रत्येकाचे बोट केसभर इकडेतिकडे पडणारच. मग ते बेसूर कसे होत नाही?

कॅम्पवासी

आलापिनी, मी कॅम्पातील एका हौशी तंतुवाद्य समूहात बरीच वर्षे दुसऱ्या व्हायोलिनमध्ये बसतो, म्हणून थोडे सांगू शकतो. ते केसभर अंतर पूर्णपणे नाहीसे होत नाही, आणि व्हायलाही नको. दोघांनीच एक स्वर वाजवला तर चढउतार लगेच खटकतो. बारा-सोळा जण वाजवू लागले की बारीक फरक एकमेकांत मिसळतात आणि स्वराला जी रुंदी येते, ती एका व्हायोलिनमधून कधीही निघत नाही. ही मुभा केसभराचीच असते. त्यापलीकडे गेलात तर शेजारच्याला कळते, आणि तो काही न बोलता नुसता आपल्या वाद्याकडे पाहतो.

मागच्या रांगेत बसण्यातली मुख्य अडचण सुराची नाही, वेळेची आहे. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात. मी पुढच्या वादकापासून दहा मीटर मागे असेन आणि त्याचे ऐकून वाजवत असेन, तर श्रोत्यांपर्यंत माझा स्वर उशिरानेच पोहोचणार. म्हणून मागे बसणाऱ्याने कानांपेक्षा डोळ्यांवर विसंबायचे असते: कंडक्टरची काठी, कॉन्सर्टमास्टरचा बो आणि आपल्या पुढच्या माणसाचा खांदा. आठवी ग्रेड उत्तम गुणांनी झालेली मुले आमच्याकडे येतात आणि पहिल्याच तालमीत गोंधळतात, कारण त्यांनी तोवर कायम पियानोच्या साथीने एकट्यानेच वाजवलेले असते. साथीदार त्यांच्यासाठी थांबतो. ऑर्केस्ट्रा थांबत नाही.

दुसऱ्या व्हायोलिनविषयी एक सांगावेसे वाटते. पहिल्यांकडे बहुधा धून असते, म्हणून त्यांची पाने कानाला ओळखीची वाटतात. आमच्या पानांवर मधले स्वर, ठेका धरून ठेवणारे आघात आणि अवघड जागी अचानक आलेली एखादी ओळ असते. माझदा हॉलमधला कार्यक्रम ऐकून घरी परतणारा श्रोता आमची एकही ओळ गुणगुणत नाही.

राइनकाठ

मी मूळचा सदाशिव पेठेतला, सध्या जर्मनीत राहतो. माझी मुलगी येथील संगीत महाविद्यालयातून व्हायोलिन शिकली आणि नोकरीसाठी परीक्षा देत फिरली, त्यामुळे व्यवसाय म्हणून हे काय प्रकरण आहे ते घरातूनच पाहिले. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे सुमारे 130 ऑर्केस्ट्रा आहेत, तरीही व्हायोलिनची एक जागा निघाली की अर्जांचा ढीग पडतो.

परीक्षेत प्रथम मोझार्टच्या कॉन्चेर्टोचा (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेचा) पहिला भाग वाजवावा लागतो. ऐकायला सोपे वाटणारे हे संगीत वाजवताना लपायला कुठे जागाच मिळत नाही. बोचा एक अस्थिर क्षणही उघडा पडतो. पुढच्या फेऱ्यांत एखादा रोमँटिक काळातील कॉन्चेर्टो आणि मग ऑर्केस्ट्रातील निवडक उतारे येतात. रिचर्ड श्ट्राउसच्या 'डॉन जुआन'चे पहिले पान, मेंडेलसोनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधले स्केर्झो (वेगवान, खेळकर भाग), शुमनच्या दुसऱ्या सिंफनीतले स्केर्झो हे उतारे जगभर विचारले जातात. काही मिनिटांच्या त्या वादनासाठी मुले वर्षानुवर्षे तीच पाने घासत असतात. अनेकदा परीक्षक सगळ्यांचे ऐकून घेतात आणि कोणालाच न निवडता जागा रिकामी ठेवतात.

निवड झाली तरी काम संपत नाही. सुरुवातीचा काळ उमेदवारीचा असतो. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये तो दोन वर्षांपर्यंत चालतो आणि शेवटी सहवादक मतदान करतात. आपण कसे वाजवतो याबरोबरच आपल्या शेजारी बसणे लोकांना सोसवते का, याचाही निकाल तिथे लागतो. व्हिएन्ना फिलहार्मोनिकची रीत आणखी निराळी आहे. तिथे आधी स्टेट ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात जागा मिळवावी लागते आणि तिथे तीन वर्षे काढल्यावरच फिलहार्मोनिकच्या सदस्यत्वासाठी अर्ज करता येतो.

पडद्याआडून परीक्षा घेण्याची पद्धत बॉस्टन सिंफनीने 1952 मध्ये वापरली आणि 1970-80 च्या दशकांत ती अमेरिकेत रूढ झाली. चालण्याच्या आवाजावरून बाई की पुरुष हे ओळखू येऊ नये म्हणून गालिचा अंथरतात किंवा बूट काढायला सांगतात. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये पहिली स्त्री 1982 मध्ये आली. मॅडलेन कॅरुझो, आणि त्या व्हायोलिनवादकच होत्या. व्हिएन्नाने 1997 पर्यंत स्त्रियांना सदस्यत्व दिले नव्हते. तेव्हा 'सर्वांत मिसळून जाणारा वादक' हे वर्णन गोड असले तरी कोणाला मिसळू द्यायचे, हे फार काळ मूठभर पुरुषांनी ठरवले आहे, हेही या धाग्यात नोंदवावे असे वाटले.

माडाची_सावली

मंद्रषड्ज, मुंबईत महिन्याच्या महिन्याला पैसे देणारा ऑर्केस्ट्रा नव्हता, हे तुमचे विधान सिंफनीपुरतेच खरे आहे. माझे सासरे गोव्याचे. चर्चच्या शाळेत त्यांना मेस्त्रांनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, स्वरलेखन वाचायला शिकवले आणि तरुणपणी ते मुंबईला चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन वाजवायला गेले. संगीतकाराने पेटीवर गुणगुणलेली चाल अँथनी गोन्साल्विस किंवा सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे संयोजक कागदावर उतरवत, आणि तीसचाळीस व्हायोलिने ती समोर ठेवून थेट वाजवत. एकाचेही नाव तबकडीवर छापले जात नसे. मिसळून जाणे म्हणाल, तर याहून अधिक काय असणार?

अँथनी गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांना व्हिएन्नाला जाऊन ऑर्केस्ट्रात वाजवायचे होते आणि लक्ष्मीकांतांनी त्यांना थांबवले, असे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. एकाच पिढीतला एक मुंबईकर, झुबिन मेहता, व्हिएन्नाला गेला आणि दुसरा राहिला. राहिलेल्यानेही काही कमी व्हायोलिनवादकांची घरे चालवली नाहीत.

पुढे सिंथेसायझर आला आणि तीस माणसांचे काम एक माणूस करू लागला. सासऱ्यांनी त्यानंतर लग्नसमारंभांत वाजवले आणि शिकवण्या केल्या, पण त्याविषयी ते फारसे बोलत नसत.

मंद्रषड्ज

माडाची_सावली, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो मूळ लेखाला पूरक आहे. स्टुडिओमुळे पोट भरले आणि वाचून वाजवण्याची तयारी विलक्षण झाली. पण त्या कामात तेच चाळीस जण एकच रचना आठवडाभर पुन्हा पुन्हा घासत नाहीत. सकाळी एक गाणे, दुपारी दुसरे. वर्षानुवर्षे एकाच शेजाऱ्याबरोबर बसून ब्राम्झची तीच सिंफनी दर दोन-तीन वर्षांनी नव्या कंडक्टरसमोर वाजवल्यावर जे घडते, ते स्टुडिओत घडण्याची सोय नव्हती. मेहलींना मँचेस्टरला नेमके तेच मिळाले असावे, असा माझा तर्क आहे.

फिजिओ_कोथरूड

या आयुष्याची शारीरिक बाजू कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. 1987 मध्ये अमेरिकेतील 48 ऑर्केस्ट्रांमधील 2,212 वादकांची पाहणी झाली होती. त्यांपैकी 76 टक्के लोकांनी वादनावर परिणाम होईल असे किमान एक दुखणे असल्याचे सांगितले आणि 27 टक्के वादक मंचावरची थरथर आवरण्यासाठी बीटा-ब्लॉकरच्या गोळ्या घेत असल्याचे आढळले. हनुवटीखाली वाद्य धरून डावा खांदा उचललेला, मान वळवलेली आणि उजवा हात सतत हवेत, अशा स्थितीत तालीम आणि कार्यक्रम मिळून दिवसाचे कित्येक तास जातात. जबड्याखाली पडणारा डाग तर या लोकांची ओळखच आहे. डावा कान वाद्याच्या अगदी जवळ असतो, आणि मागे पितळी वाद्ये बसली असतील तर उजवाही सुटत नाही. युरोपात आता कामाच्या ठिकाणच्या आवाजाचे नियम ऑर्केस्ट्रांनाही लागू आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत शास्त्रीय व्हायोलिन शिकणारीही असतात. त्यांना आणि त्यांच्या पालकांना माझे एकच सांगणे असते की दुखत असताना वाजवू नये. शिक्षकांनी रागावले तरी वाजवू नये.

खुंटीपिळ्या

मी वाद्ये दुरुस्त करतो. पुण्याचा पावसाळा आणि पुण्याचा उन्हाळा यांत व्हायोलिनचे लाकूड फुगते आणि आक्रसते. व्हायोलिन जनावराच्या कातड्याच्या सरसाने जोडलेले असते, आणि ते तसेच हवे, कारण लाकडावर ताण आला की ते तडकण्याऐवजी सांधा सुटतो. सुटलेला सांधा मला तासाभरात चिकटवता येतो, तडकलेली पाटी नाही. लोक घरीच फेव्हिकॉल लावून आणतात आणि मग माझे काम तिप्पट होते. जुलैत खुंट्या अडकतात, मार्चमध्ये सरकतात. चांगला बो ब्राझीलच्या पर्नांबुको लाकडाचा असतो. 2007 पासून त्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांनी कार्बन फायबरचा बो घ्यायला लाजू नये.

कोथरूडकर_आई

सर्वांचे प्रतिसाद वाचून धीर आला आणि भीतीही वाटली. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, या वर्षी आठवी ग्रेड झाली. तिला ऑर्केस्ट्रातच वाजवायचे आहे, एकल वादक व्हायचे नाही, असे ती स्वतः म्हणते. मुंबईला एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) मध्ये 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे काही मार्ग आहे का?

मंद्रषड्ज

मार्ग आहे, पण तो अरुंद आहे. मारात बिसेनगालिएव्ह या कझाक व्हायोलिनवादकाच्या नेतृत्वाखाली तो ऑर्केस्ट्रा सुरू झाला, आणि आजही मोठ्या हंगामांसाठी बरेच वादक बाहेरून येतात. भारतीय वादकांची संख्या कमी आहे आणि ती वाढवण्यासाठीच तिथे मुलांना शिकवण्याचे काम चालते. तूर्त तुम्ही तिला फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या हंगामांत ऐकायला न्यावे, आणि शक्य झाल्यास तिकीट अशा जागेचे घ्यावे जिथून मागच्या रांगांचे बो दिसतील. कार्यक्रम संध्याकाळी असतो आणि परतीची डेक्कन क्वीन तोवर निघून गेलेली असते, तेव्हा मुक्कामाची किंवा रात्रीच्या बसची सोय आधी पाहावी.

राइनकाठ

कोथरूडकर_आई, परदेशी शिक्षणाचा विचार असेल तर सोळा हे वय लवकर नाही. येथील मुले सतरा-अठराव्या वर्षी महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा देतात आणि तोवर त्यांनी शालेय ऑर्केस्ट्रांत बरीच वर्षे काढलेली असतात. जर्मनीतील सरकारी संगीत महाविद्यालयांत शुल्क बहुतेक ठिकाणी नाममात्र आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य मात्र 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते. खर्च राहण्याखाण्याचा असतो, आणि भाषा येणे गरजेचे आहे. ग्रेडच्या प्रमाणपत्राला प्रवेशपरीक्षेत कोणी विचारत नाही. त्यापेक्षा आणखी तीन मुले शोधून तिने हायडनची क्वार्टेटे वाजवायला सुरुवात करावी, आणि पहिल्या व दुसऱ्या व्हायोलिनच्या जागा दर वेळी बदलाव्यात. स्वतःचे न थांबवता दुसऱ्याचे ऐकणे तिथे जेवढे लवकर येते तेवढे कोणत्याही शिकवणीत येत नाही. एखाद्या मुलाला व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या स्वरांचे वाद्य) वाजवायला राजी करता आले तर उत्तमच. व्हायोलावाल्यांची टंचाई सगळीकडे आहे.

कॅम्पवासी

मुलीला शनिवारी आमच्या तालमीला अवश्य पाठवावे, मी व्यक्तिगत संदेशात पत्ता कळवतो. बसायला दुसऱ्या व्हायोलिनमध्ये शेवटच्या स्टँडवर आतली जागा मिळेल, म्हणजे पाने तिलाच उलटावी लागतील. ती चालणार असेल तर याच आठवड्यात या. पहिल्या व्हायोलिनमध्ये जागा मागणारे आमच्याकडे पुरेसे आहेत.